गौरीच्या झोक्यामागून

‘जो धुरांड्यात पडला, तो मेला. त्याला हाक मारायची नाही. त्याची हाक आली तर ऐकायची नाही.’

आमच्या छपरावरचा हा नियम. पिल्लाचे डोळे उघडतात न उघडतात तोच त्याच्या कानात पडतो. आणि त्याच्याच शेपटाला दुसरा नियम बांधलेला आहे: पहिल्याबद्दल ‘का?’ असं विचारायचं नाही. मी विचारलं होतं. थोरलीनं टाळक्यात चोच हाणली. झालं उत्तर!

मी धुरांड्यात पडले आणि तरीही तुमच्याशी बोलतेय. म्हणजे नियमाप्रमाणे तुम्ही एका मेलेल्या पक्षिणीचं ऐकताय. घाबरू नका, मी चांगली ठणठणीत आहे. फक्त पंखांच्या मुळाशी अजून थोडी काजळी आहे, ती आंघोळ करूनही जात नाही.

मी एक जॅकडॉ. कावळा म्हणायचं नाही हं! कूळ तेच आहे, कबूल. पण मी पारव्याएवढी, माझ्या मानेवर राखाडी शाल आहे आणि डोळे चांदीसारखे पांढुरके. कावळ्याचे असतात का असे? मग!

माझा जन्म उत्तर लंडनमधल्या एजवेअरचा. लाल विटांची जोडघरं, प्रत्येकाच्या माथ्यावर धुरांडं आणि त्यावर मातीची नळकांडी. माणसांनी खाली बॉयलर बसवले, चुली विझल्या आणि ही नळकांडी आमच्या वाट्याला आली. त्यातल्याच एकात, काड्यांच्या आणि मेंढीच्या लोकरीच्या गादीवर, मी अंडं फोडून बाहेर आले.

आता मला मराठी कसं येतं? सोपं आहे. ते घर वैजयंतीआजी आणि मुरलीधर आजोबांचं. नळकांड्याच्या तोंडाशी बसलं की खालच्या बैठकीच्या खोलीतलं सगळं वर येतं. फोडणीचा वास येतो, टीव्हीवरच्या मालिकेतलं रडणं येतं, आणि ‘अहो, चष्मा फ्रिजमध्ये कसा गेला?’ ‘मी काय त्याला पोचवायला गेलो होतो?’ असली भांडणं येतात. माझं मराठी त्या धुरांड्यातून आलंय. त्याला थोडी काजळी लागली असेल तर चालवून घ्या.

आमच्यात थोरला आणि थोरली यांचा शब्द शेवटचा. कोणी कुठे बसायचं, आधी कोणी खायचं, कोणाच्या नळकांड्यात कोणी घरटं बांधायचं, सगळं ते ठरवतात. पहिलं वर्ष मी पोरासोरांच्या थव्याबरोबर शेतांकडे काढलं. मजा केली. या वसंतात जोडीदार घेऊन छपरावर परत आले तेव्हा आजींच्या घराचं दुसरं नळकांडं रिकामं दिसलं. रुंद, उबदार, वाऱ्याला पाठ केलेलं. इतकी चांगली जागा आणि रिकामी?

“तिकडे नाही जायचं,” थोरली म्हणाली.

“का?”

“जागा वाईट आहे.”

“वाईट म्हणजे काय? गळते? मांजर येतं?”

“वाईट म्हणजे वाईट!” आणि पुन्हा टाळक्यात चोच.

तिनं एवढंच सांगितलं असतं की, ‘पोरी, ते धुरांडं आतून फार रुंद आहे, त्यात काड्या धरत नाहीत,’ तर मी गेलेच नसते. मी काय वेडी आहे? पण कारण सांगितलं की थोरपण कमी होतं असं आमच्याकडे मानतात. तुमच्याकडेही बहुधा मानत असावेत.

मी गेले. अर्थातच गेले!

घरटं बांधायची आमची पद्धत दणदणीत असते. वरून काड्या टाकत राहायचं. पहिल्या कित्येक सरळ तळाला जातात. मग एखादी आडवी अडकते, तिच्यावर दुसरी, आणि बघता बघता माळा तयार होतो. मी आणि जोडीदार काड्या आणून आणून थकलो. शेवटी एकदाच्या त्या धरल्या. काय आनंद झाला मला! ‘बघ! म्हणे जागा वाईट!’ असं ओरडत मी माळ्यावर उडी मारली.

माळा माझ्यासकट खाली गेला.

काड्यांना रुंद, पण पंख उघडायला जागाच नाही. दोन्हीकडून विटा खरवडत होत्या. काजळी नाकात, डोळ्यांत. वर आकाशाचं गोल ताट होतं, ते बघता बघता बटणाएवढं झालं. पुढे आलेल्या एका विटेवर आपटले, तिथून घसरले आणि धप्पकन तळाला, जुन्या चुलीत, काड्यांच्या ढिगावर पडले.

अंधार. अंग ठेचलेलं. पण पंख शाबूत. मी वर बघून ओरडले, “मी इथे आहे! चॅक! चॅक!”

ते बटण क्षणभर झाकलं गेलं. कोणीतरी काठावर येऊन बसलं होतं. माझा जोडीदार! मी पुन्हा ओरडले. हाक आली नाही. थोड्या वेळानं बटण पुन्हा उजळलं. तो निघून गेला होता.

नियम म्हणजे नियम, नाही का?

वर जाणं शक्य नव्हतं, सरळ भिंत होती. समोर प्लायवूडची फळी होती. आजोबांनी कधीतरी चुलीचं तोंड तिनं बंद करून वर बिस्किटी रंग फासला होता. फळीच्या तळाशी हवेसाठी तळहाताएवढी जाळी. तिच्यातून उजेड येत होता, म्हणजे पलीकडे जग होतं! मी फळीवर झेपावले. धाड! पुन्हा झेपावले. धाड!

पलीकडे छुमछुम वाजलं.

आणि आजींचा आवाज आला. “अहो! अहो, आधी इकडे या!”

‘ऐकलं! माणसांनी ऐकलं!’ मला इतका आनंद झाला की मी अजून जोरात आपटले.

“झोका बघा! कोणी हात लावलेला नाही. गौर आपोआप झोके घेतेय हो!”

त्याचं असं होतं. चैत्रात गौर माहेरी येते, हे मला वर बसल्या बसल्या ठाऊक झालेलं. महिनाभर ती झोक्यावर बसते. बायका येतात, झोका देतात, कैरीची डाळ खातात, पन्हं पितात, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरून घेऊन जातात. अक्षय्य तृतीयेला गौर सासरी जाते. आजींची पितळी गौर ज्या झोपाळ्यावर बसली होती, त्याच्या घुंगरू लावलेल्या साखळ्या आजोबांनी या फळीलाच दोन हुक मारून टांगल्या होत्या. मी इकडून आपटले की तिकडे गौर झुलायची.

“वाऱ्यानं हलत असेल,” आजोबा म्हणाले.

“खिडक्या बंद आहेत! कुठून येणार वारा?”

आजोबा खोकले. “मग… असेल बाई.”

“मागच्या वर्षी असंच झालं होतं, मी सांगत नव्हते? दोन दिवस झोके घेतले आणि मग थांबली. मन भरलं हो तिचं. तेव्हा कोणाचा विश्वास नाही बसला. आता बसेल! थांबा, उल्काला व्हिडिओ पाठवते.”

माझ्या जाळीसमोर आजींचे हळद लागलेले हात जोडले गेले. मी आणखी आपटले. त्यांनी डोळे मिटले. माझी चोच फुटायची वेळ आली आणि त्या म्हणाल्या, “आई, अशीच कृपा असू दे.”

सांगा, काय करायचं अशा बाईंना? मी जितकी मदत मागत होते तितकी माझी पूजा होत होती!

संध्याकाळी तनिषा आली. ही त्यांची नात. ग्लासगोला कॉलेजात शिकते. ईस्टरच्या सुट्टीत, दुसऱ्या दिवशीच्या हळदीकुंकवाला मदत करायला म्हणून तिला आजींनी बोलावलं होतं. “माझी ट्रेन लेट झाला, सॉरी आजी,” असं म्हणत तिनं पाठीवरची बॅग टाकली आणि आजींनी तिला लगेच ओढत फळीसमोर आणलं. “बघ बघ, आपोआप!”

मी आपटले. गौर झुलली. तनिषा जागच्या जागी थांबली.

“आजी, ती आवाज कसली आहे?”

“घुंगरांचा.”

“नाही, त्याच्या मागे.” ती गुडघ्यांवर बसली. जाळीतून फोनचा दिवा आला आणि त्यामागून एक डोळा. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग ती किंचाळली. “ओ माय गॉड! आजी, तुझ्या गौरीच्या मागे बर्ड आहे! जिवंत आहे! पूअर थिंग, तीच आपटतेय!”

आजींनी चटकन झोका हातानं धरला.

“काहीतरीच काय!” आजी म्हणाल्या. “उंदीरबिंदीर असेल.”

“उंदराला पंख असतात का? आजोबा, स्क्रूड्रायव्हर कुठे आहे?”

“तनिषा, हात लावायचा नाही. बसवलेली गौर हलवत नाहीत.”

“का?”

“का म्हणजे? नाही हलवत. अक्षय्य तृतीयेला उठेल, तेव्हा काढू फळी.”

मला थोरलीच बोलतेय असं वाटलं! तोच सूर, तेच ‘वाईट म्हणजे वाईट’. फक्त चोच तेवढी नव्हती.

“तोपर्यंत ती मरेल, आजी.”

“आला तसा जाईल. पक्ष्याला काय, उडता येतं.”

“धुरांडं सरळ उभं आहे! ती बर्ड काय हेलिकॉप्टर आहे?” तनिषाचा आवाज चढला. “आणि हलवत नाहीत काय? आल्यागेल्या सगळ्या बायका झोका देतात ना तिला?”

“उलट बोलू नकोस! उद्या बायका येणार आहेत. वेंब्लीहून, हॅरोहून. सगळ्यांना सांगून बसलेय मी.”

हं! आता खरं कारण बाहेर आलं.

आजोबांनी मधला मार्ग काढला. थोर लोकांचा मधला मार्ग म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. ‘उद्या बघू’ हाच तो मार्ग. “तनिषा, आता जेवून घे. उद्या सकाळी मी स्वतः बघतो,” ते म्हणाले. तिनं विश्वास ठेवला. मीही ठेवला.

तनिषानं पक्ष्यांची काळजी घेणाऱ्या एका संस्थेला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं समजावून सांगितलं, तिनं ते मोठ्यानं म्हणून पाठ केलं. आड येतंय ते काढा. पडदे लावा, दिवे घालवा, एकच खिडकी उघडी ठेवा. पक्षी उजेडाकडे जाईल, त्याच्या मागे लागू नका. मग तिनं पाण्यानं चिंब केलेला कापूस जाळीतून आत सारला. मी तो चोचीनं पिळून प्यायले. त्यामागून भिजलेले हरभरे आले, आणि कैरीच्या डाळीचे छोटे छोटे घास. काय डाळ होती! मिरचीसकट खाल्ली. आम्हाला तिखट लागतच नाही.

“हँग ऑन,” ती जाळीशी तोंड आणून म्हणाली. “मी आहे इथे.”

अख्ख्या दिवसात मला मारलेली ती पहिली हाक. तीही माणसाची!

सकाळ झाली. आजोबा उठले. चहा झाला. जाळीसमोर आजींनी चैत्रांगणाची रांगोळी काढली: शंख, चक्र, गौरीची पावलं, कासव. मग आराशीच्या पायऱ्या मांडल्या. कलिंगड कोरून ठेवलं, करंज्या, फुलं, अत्तरदाणी. जाळीतून येणारा माझा उजेडही त्यांनी एका फुलदाणीनं अर्धा झाकला.

“आजोबा, सकाळ झाली,” तनिषा म्हणाली.

“हो गं. पण आता कशी काढणार? तिनं सगळी आरास मांडलीय.”

“काल मांडली नव्हती! काल का नाही काढली?”

आजोबा चष्मा पुसायला लागले.

दुपारपर्यंत माझी तहान परतली. काजळीनं छाती भरून आली होती. पण डोकं ताळ्यावर होतं, आणि त्या डोक्यात संताप होता.

बायका आल्या. जाळीच्या उरलेल्या अर्ध्या भागातून मला फक्त पावलं दिसत होती. जोडवी घातलेली, मोजे घातलेली, नेलपॉलिश लावलेली, आणि त्यांच्यावर साड्यांचे काठ. अत्तराचा वास, पन्ह्याचा वास, हसणं. “वैजयंतीताई, आरास काय सुंदर केलीय!” “अगं, पार्किंगच मिळेना.” “ही तनिषा ना? केवढी झाली! लग्नाचं बघताय का?” “काकू, मी अजून परीक्षेचं बघतेय.”

मग सगळ्यात मोठा आवाज आला, तो उल्काकाकूंचा. “ताई, व्हिडिओ पाहिल्यापासून अंगावर काटा आहे हो! आम्हाला दाखवा ना. मी लाइव्ह करते.”

“थांबा, आत्ता घेईल झोका,” आजी म्हणाल्या.

सगळी पावलं थांबली. सगळ्या बायका गप्प झाल्या. फळीपलीकडे इतकी माणसं माझ्याकडे तोंड करून उभी होती, आणि वाट बघत होती ती माझ्या आपटण्याची!

आणि मी ठरवलं, आता पीस हलवायचं नाही. हवा आहे ना चमत्कार? द्या तुम्हीच झोका. मी ताठ बसून राहिले.

गौर स्वस्थ. साखळी स्वस्थ. कोणीतरी खाकरलं.

“दमली असेल,” एक बाई म्हणाली.

“ताई, हीटरच्या वाऱ्यानं तर नव्हतं ना हलत?” उल्काकाकूंनी विचारलं. आवाजात साखर होती, पण तळाला मुंगी.

“छे छे! काल दिवसभर झुलत होती. थांब की जरा.”

थांबल्या. काहीच झालं नाही. मग मला जाळीतून आजींची पावलं फळीच्या अगदी जवळ येताना दिसली. साडी सावरल्यासारखं करून त्या वाकल्या. आणि बोटाच्या पेरानं हळूच फळीवर वाजवलं. टक्. टक्.

मला उठवायला!

त्यांना ठाऊक होतं. रात्रभर मी डोकं आपटलं, आणि त्यांना ठाऊक होतं. मग मात्र माझ्या छातीत उरलासुरला जो काही आवाज होता तो सगळा बाहेर आला. झोका नाही हलवला मी. ओरडले! “चॅक! चॅक! चॅक!”

बायका दचकून मागे सरकल्या. कोणाच्या तरी हातातला पन्ह्याचा पेला रांगोळीवर सांडला.

“आजी!” तनिषाचा आवाज आला. “तू नॉक केलंस. मी बघितली. तुला माहीत आहे आत कोण आहे!”

“तनिषा, नंतर बोलू. पाहुण्यांसमोर नको.”

“नाही.”

“तनिषा!”

“नाही, आजी. नंतर नाही, उद्या नाही, अक्षय्य तृतीयेला नाही. आत्ता.” तिचे अनवाणी पाय रांगोळीवरून सरळ माझ्याकडे आले आणि जाळीसमोरची फुलदाणी बाजूला झाली. “तूच सांगतेस ना, गौर माहेरी आलीय? मुलगी माहेरी आलीय आणि तिच्या पाठीमागे कोणीतरी मरतंय. ती तिथे बसून झोके घेणार? मी गौर असती ना, तर कालच उठली असती!”

वर साखळ्या छुमछुमल्या. तिनं हुकांवरून झोपाळाच उचलला होता.

“गौरीला हात लावू नकोस!” आजी ओरडल्या.

“मग तू धर. तुझी आहे ना? घे. नीट धर.”

आणि आजींनी धरली! न धरून करतात काय? दोन्ही हातांत साखळ्या, मध्ये पाटावर गौर, अंगावर जरीची साडी. आता त्यांना ना कोणाला अडवता येत होतं, ना पदर सावरता येत होता.

“पडदे लावा कोणीतरी! लाइट ऑफ! बागेकडची खिडकी उघडा, फक्त एकच!” तनिषा भराभर सांगत होती, आणि गंमत म्हणजे त्या सगळ्या मावश्या-काकू ऐकत होत्या. पायऱ्या उचलल्या गेल्या, कलिंगड सोफ्यावर गेलं. “आजोबा, स्क्रूड्रायव्हर!”

आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून तो काढून दिला.

“हा खिशात होता?”

“सकाळपासून आहे,” आजोबा पुटपुटले. “मला काल तू यायच्या आधीच वाटलं होतं पक्षी असेल. पण तुझी आजी इतकी खूश होती…”

“खिशात ठेवून काय उपयोग, आजोबा?”

तनिषानं एकेक स्क्रू फिरवला. फळी कुरकुरली, एका बाजूनं सुटली आणि निघाली. फोनचा दिवा आत आला. मी डोळे मिटले, उघडले आणि पहिल्यांदाच खाली बघितलं.

मी रात्रभर ज्या ढिगावर बसून होते, त्यात नुसत्या काड्या नव्हत्या. एक कवटी होती, माझ्या डोक्याएवढी. वाळलेला पंख होता. आणि काजळीतही ओळखू येणारी राखाडी पिसं. मानेवरची शाल.

तनिषालाही ते दिसलं. ती अगदी हळू म्हणाली, “आजी, इथे अजून एक आहे. जुनी. मेलेली.”

आजींनी वाकून बघितलं. झोपाळा त्यांच्या हातात होता, आणि आता तो खरंच हलत होता.

“मागच्या वर्षी…” त्यांनी सुरुवात केली. दोन दिवस झोके घेतले आणि मग थांबली, असं ज्यांना ज्यांना त्यांनी सांगितलं होतं, त्या सगळ्या तिथेच उभ्या होत्या.

मी मात्र थांबणार नव्हते! मी उडी मारली. पंख उघडले आणि अहाहा, ते उघडले! अंधाऱ्या खोलीत मी गरगरले. खाली किंचाळ्या. “अगंबाई, कावळा!” “घरात कावळा शिरणं चांगलं नसतं हो!” “ती कावळा नाहीये, जॅकडॉ आहे!” शहाणी पोरगी ही तनिषा! काजळी सगळ्यांच्या साड्यांवर भुरभुरली, मी पडद्याच्या दांडीवर आदळले आणि मला उजेडाची एक चौकट दिसली. तिच्यात नेमक्या उल्काकाकू, फोन धरून.

“उल्का, मेले, खिडकीतून बाजूला हो!” हा आवाज आजींचा होता. “जाऊ दे तिला!”

काकू बाजूला झाल्या. मी गेले.

वारा! तुम्हाला तो रोज फुकट मिळतो, म्हणून तुम्हाला त्याची चव कळत नाही.

छपरावर काय झालं ते सांगतेच, पण त्याआधी तुमच्याशी दोन शब्द. तुमच्या घरातही बंद करून ठेवलेली चूल असेल. तिच्यामागून खरखर आली, फडफड आली, तर वाऱ्यावर ढकलू नका, देवावरही ढकलू नका. कान लावा. आणि हिवाळ्यात, आमची घरटी नसतात तेव्हा, नळकांड्यावर जाळी बसवून घ्या. आम्हाला दुसरी जागा मिळते. दुसरा जीव मात्र मिळत नाही.

मी बागेतल्या डबक्यात अंग धुतलं आणि उन्हं उतरायच्या आत छपरावर पोचले. जोडीदार धावत आला. मान खाली.

“तू काठावर आला होतास,” मी म्हटलं. “मला दिसलं. हाक का नाही मारलीस?”

“थोरली बघत होती.”

“बघू दे ना! चोच मारली असती, फार तर!”

तो माझ्या मानेतली काजळी एकेक पीस धरून काढायला लागला. काढू दे. त्याच्याशी माझं भांडण अजून संपलेलं नाही.

तोवर सगळे गोळा झाले होते. या वर्षी जोडी जमवलेली कोवळी पोरं पुढे, थोरला आणि थोरली धुरांड्याच्या माथ्यावर. पोरांचा एकच गलका. “मेलेली आली!” “खाली काय असतं?” “कशी सुटलीस?”

“पुरे,” थोरली म्हणाली. गलका थांबला. “आलीस, चांगलं झालं. तुझी जागा तुला मिळेल. पण खालचं खाली ठेवायचं. पोरांपुढे एक शब्द काढायचा नाही.”

“का?”

“पडूनही परत येता येतं असं कळलं, तर धाक कसा राहील? प्रत्येक पडलेल्याच्या हाकेला धावायला लागतील सगळे.”

“मग धावू देत! खाली एक मुलगी जाळीला तोंड लावून म्हणाली, मी आहे इथे. तुमच्यातल्या एकानं एवढं म्हटलं?”

“मी सांगते म्हणून गप्प बस.”

“नाही बसणार,” मी म्हणाले. “हे धुरांडं रुंद आहे, काड्या धरत नाहीत, हे आज प्रत्येक पोराला सांगणार. कोणी पडलं तर काठावर बसून हाक मारणार, आणि खालच्या माणसांना ऐकू जाईपर्यंत मारणार. आणि अजून एक सांगणार. खाली एक आहे. मागच्या वसंतातली. आपल्यातलीच, मानेवर शाल असलेली. दोन दिवस ती फळीवर आपटत होती, आणि तिला वरून एकही हाक आली नाही. कोणाची होती ती?”

थोरल्यानं मान वळवून थोरलीकडे बघितलं. तिनं आमच्याकडे पाठ केली आणि त्या रिकाम्या नळकांड्याकडे तोंड करून बसली.

आम्ही जॅकडॉ कधी गप्प बसत नाही. झोपेतसुद्धा कुजबुजतो. पण त्या संध्याकाळी अख्ख्या छपरावर थोरल्यांपैकी एकाचाही आवाज निघाला नाही.